गाडी खळ्यात रुतली तो पावसाळा

चपलांच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरली, की मी समजते, आता चार महिने कुठं जाणं नाही. या वर्षी ती जरा लवकरच धरली. सकाळी दाराआडच्या चपला बाहेर काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि पुन्हा जागेवर ठेवल्या. घालून जायचं कुठं? बाहेर माडांवर पाऊस एका सुरात पडतोय. हर्ण्याच्या बाजूनं समुद्राची गाज येतेय. तीन दिवसांपूर्वी वाळत घातलेले कपडे अजून हाताला थंड लागतायत.

इथला हा आमचा तिसरा पावसाळा. पण नुसतं ‘पावसाळा’ म्हटलं, की मला पहिलाच आठवतो. नंतरचे पडले आणि गेले. पहिला मात्र अजून अंगावर आहे.

आम्ही मूळचे इथले नव्हे, मिरजेचे. माझे यजमान अरविंद तिथल्या एका कारखान्यात फोरमन होते, मी पोस्टात काउंटरवर. ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत आणून दारात उभी केली. वर्षभर ते तिच्यात घुसलेले असायचे. सीटा काढल्या, पलंग बसवला, त्याच्याखाली पाण्याची टाकी, मागं शेगडी, वर पत्र्याचं कपाट. बाहेरून पांढरा रंग दिला, पण दाराच्या कडेला शाळेचा पिवळा रंग शेवटपर्यंत डोकावत राहिला. मग एक दिवस ते म्हणाले, “फ्लॅट भाड्यानं देऊ. आता घर म्हणजे हीच. जिथं आवडेल तिथं राहायचं.”

मी “बरं” म्हणाले. पस्तीस वर्षं खिडकीमागं बसून लोकांची पार्सलं गावोगाव धाडलेल्या बाईला कुणी ‘चल, आता तूही नीघ’ म्हटल्यावर ती दुसरं काय म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला हुरूपही होता. बदामीच्या तळ्याकाठी पहाटे लाल दगडावर पडलेलं ऊन मी पाहिलं. हंपीच्या नदीत गोल टोपलीत बसून पलीकडे गेले. मांडूच्या पडक्या महालांमधून पावसाळी ढग आत येऊन बाहेर जाताना पाहिले. कच्छच्या रणात उभी राहिले तेव्हा पायाखालचं मीठ कुरकुरलं आणि मला उगाच हसू आलं.

पण मला जास्त आठवतात ती माणसं. मांडूला आमच्या शेजारीच गाडी लावलेले इंदूरचे पतिपत्नी होते. गाडीतच राहणारे, आमच्याच वयाचे. त्यातल्या गीताजींशी माझी नऊ दिवसांत अशी गट्टी जमली, की आम्ही दोघी एका परातीत कणीक मळायला लागलो. दहाव्या दिवशी सकाळी अरविंदांनी टायरची हवा बघितली, म्हणजे निघायचं ठरलं. मागच्या काचेतून गीताजी हात हलवताना लहान लहान होत गेल्या. असं पुष्कळदा झालं. गोकर्णला झालं, ओंकारेश्वरला झालं. मी काही बोलले नाही. पुढं काहीतरी बघायचं असायचंच.

अशी अडीच वर्षं गेली. मग एका मे महिन्याच्या अखेरीला आम्ही आंजर्ल्याला आलो. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतलं, त्या उंचीवरून खाली निळा-हिरवा समुद्र पाहिला. पाऊस लागायच्या आत घाट चढून देशावर जायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी हर्ण्याच्या बंदरावर माशांचा लिलाव बघायला गेलो. हंगामाचे शेवटचे दिवस होते. वाळूत ढीग लावलेले, बायकांची घाई, होड्या किनाऱ्याला लागतायत, आणि समोर पाण्यात किल्ला काळा होत चाललेला.

परत येताना अजून उजेड होता. एका वळणावर डाव्या हाताला जांभ्याचा गडगा होता, कमरेएवढा, नुसते चिरे एकावर एक रचलेला. गाडी त्याच्याकडे सरकतेय असं मला वाटलं.

“अहो, डावीकडे,” मी म्हणाले.

“दिसतंय मला,” अरविंद म्हणाले, आणि त्याच क्षणी पुढचं चाक गटारात गेलं. गडग्याचे चिरे धडाधड कोसळले. खालून लोखंड मोडल्याचा आवाज आला आणि गाडी माझ्या बाजूला कलून थांबली.

माडांमागच्या घरातून एक बाई धावत आली. पंचावन्न-साठीची, काटक, हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. तिनं आधी गाडीत डोकावून आमच्याकडे पाहिलं, मग पडलेल्या गडग्याकडे.

“गडगा काय, पुना रचता येईल,” ती म्हणाली. “तुमाला लागलं नाय ना कुठं?”

ही सुनंदा. तिच्याच गडग्यावर आम्ही आदळलो होतो, आणि पुढचा सगळा पावसाळा तिच्याच घरापुढच्या खळ्यात काढायचा होता. हे त्या संध्याकाळी आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून गाडी खळ्यात आणली. खेडहून मेकॅनिक आला. तो खाली शिरून म्हणाला, पुढच्या चाकाचा स्प्रिंगचा पाटा मोडलाय, इतक्या जुन्या गाडीचा इथं मिळायचा नाही, मागवावा लागेल. आठ-दहा दिवस म्हणाला आणि पाटा यायला तीन आठवडे गेले. तोवर पाऊस लागला होता. खळ्यातली सारवलेली जमीन लोण्यासारखी झाली. चाकं चार-चार बोटं रुतली. मेकॅनिकनं चिखलात फळ्या टाकून, भिजत, पाटा बसवला आणि हात पुसत अरविंदांना सांगितलं, “काका, आता जमीन सुकेपर्यंत हिला हलवू नका. तिकडं घाटातपण दरड आलीय.”

अरविंदांनी मान हलवली. मी मात्र आत बसून त्या अरुंद जागेकडे नव्यानं बघत होते.

चालत्या गाडीत राहणं आणि थांबलेल्या गाडीत राहणं, यांत फार फरक असतो. गाडी चालती असली की भिंती जवळ आहेत हे कळत नाही, कारण खिडकीत सतत काहीतरी बदलत असतं. आता खिडकीत एक फणसाचं झाड, एक न्हाणीची मागची भिंत आणि पाऊस. काचा लावल्या की आतून घाम धरायचा, उघडल्या की गादीवर पाणी. शेगडीकडे जायचं तर अरविंदांनी पाय पोटाशी घ्यायचे, आणि त्यांना दाराकडे जायचं तर मी पलंगावर चढून बसायचं. पत्र्यावर पावसाचा इतका आवाज व्हायचा, की एकमेकांशी बोलायला ओरडावं लागे. मग आम्ही बोलणंच कमी केलं. पिठाला वास येऊ लागला. आगपेटी पेटेना. मी रोज सकाळी अंथरुणातच मनाशी म्हणायची, अजून किती?

त्या दिवसांत मला तारलं ते सुनंदानं. दुपारी जेवणं झाली, की डोक्यावर पोतं घेऊन ती खळं ओलांडून यायची, पाय पुसून आत चढायची, आणि कधी कधी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगवर हात ठेवायची.

“आज कुठं जायचं?” ती विचारायची.

मी फोनमधले फोटो काढून सांगत सुटायची. हंपी, बदामी, रण. ती प्रश्न भलतेच विचारायची. तिथं पाणी कुठनं भरतात? बायका डोक्यावरनं पदर घेतात काय? तांदूळ कुठला? सुनंदा खेडच्या पलीकडे कधी गेली नव्हती. मुलगा मुंबईला होता, पण तो इकडे यायचा, ती तिकडे जात नसे. भात, गाय, कोंबड्या, माडाची झापं विणणं, सतत काहीतरी.

आणि तिचा नवरा, विश्रामभाऊ, तीस वर्षं बोटीवर होता. खलाशी नव्हे, स्वयंपाकी. सगळं जग फिरून आता घरी बसलेला. अरविंदांना त्याच्याशी गप्पा मारायची फार हौस. एकदा त्यांनी विचारलं, “हॅम्बुर्ग कसं आहे हो?”

विश्रामभाऊ बराच वेळ आठवत राहिला. “बटाटे चांगले येयाचे तिथले,” तो म्हणाला. मग म्हणाला, “बोट बंदराला लागली का सगळ्यांना ताजं जेवण हवं. मी खाली. गोल खिडकी होती एक. तिच्यातनं जेवढं जग दिसलं तेवढं दिसलं.”

घरी आल्यापासून त्यानं चुलीला हात लावला नव्हता. तीस वर्षांचं रांधून झालंय, म्हणायचा.

आषाढ निम्मा झाला असेल. बुरशीला कंटाळून मी एका सकाळी सगळी कपाटं रिकामी करायला घेतली. वरच्या कपाटात अरविंदांचा फ्यूज आणि स्क्रूंचा डबा होता. गंजलेत का बघावं म्हणून उघडला. फ्यूजच्या खाली डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या होत्या आणि घडी घातलेला एक कागद. कागदावर दोन मोठी वर्तुळं छापलेली, आत करडे ठिपके. डावं वर्तुळ जवळजवळ सगळंच काळं होतं, उजव्याच्या कडा काळ्या होत चाललेल्या. वर अरविंदांचं नाव. कागद आठ महिन्यांपूर्वीचा होता. आम्ही भाच्याच्या लग्नाला मिरजेला गेलो होतो तेव्हाचा.

अरविंद पलंगावर बसून होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

“हे काय आहे?”

त्यांनी कागद घेतला नाही. “काचबिंदू,” म्हणाले.

“थेंब कोरडेपणाचे आहेत म्हणाला होतात.”

त्यांनी डबा जवळ ओढून झाकण लावलं.

“गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं डॉक्टरांनी?”

“अंधाराची नको म्हणाले होते.” मग म्हणाले, “दिवसाचीही नको म्हणाले.”

मी खाली बसले. बसायला दुसरी जागाच नव्हती, त्यांच्याशेजारीच बसले. त्या आठ महिन्यांत आम्ही आंबोलीचा घाट उतरलो होतो. सापुताऱ्याचा चढलो होतो. धुक्यात, ट्रकांच्या रांगेत, डावीकडे दरी ठेवून. आणि मी डावीकडच्या सीटवर बसून मांडीवर शेंगा सोलत होते, त्यांना भरवत होते. मी बसत होते ती बाजूच त्यांना दिसत नव्हती.

“का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस.”

“हो.”

“म्हणून.”

एवढंच बोलणं झालं. घरात भांडण झालं, तर माणूस दुसऱ्या खोलीत जातो, दार आपटतो, गच्चीवर जातो. इथं भांडून झाल्यावर त्याच माणसाच्या गुडघ्यावरून पाय टाकून चहा ठेवायला जावं लागतं. दोन दिवस मी ते केलं. तिसऱ्या दिवशी वळकटी उचलली आणि सुनंदाच्या पडवीत जाऊन झोपले.

“काय झालं गो?” तिनं विचारलं.

“पाठ धरलीय,” मी म्हणाले. “गाडीतली गादी ओली झालीय.”

मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मुलगी बंगळूरला असते, तिचा रोज फोन यायचा. तिलाही ‘मजेत आहोत, पाऊस छान आहे’ म्हणायची. का नाही सांगितलं, याचं उत्तर मी पुढं कितीदा तरी शोधलं. लाज होती, एवढं खरं. अडीच वर्षं ज्यांना ज्यांना फोटो पाठवून हेवा वाटायला लावला, त्यांच्यापुढं आपला माणूस असा उघडा करायची लाज. आणि गाडी चिखलात रुतलीय, चालवणार तरी कुठं, असंही वाटलं. शिवाय इतक्या वर्षांची सवय. ते ठरवणार, मी बरं म्हणणार.

नागपंचमीनंतर पावसानं चार-पाच दिवस उघडीप दिली. ऊन इतकं लख्ख पडलं, की सगळी वाडी वाळवणं घेऊन बाहेर आली. अरविंदांनी गडग्याचे पडलेले चिरे आणून चाकांखाली रचायला घेतले. मी पडवीतून बघत होते. वाटलं, बॅटरीसाठी इंजिन सुरू करून बघायचं असेल. पाचव्या दिवशी दुपारी मी विहिरीवर कपडे धूत होते, तेव्हा इंजिनाचा आवाज आला. आधी एका जागी घुरघुरत राहिला. मग बदलला. तो बदल मला पाठ होता. गिअर पडला होता.

मी ओल्या हातांनी धावले. घराला वळसा घालून पुढं आले तेव्हा गाडी खळ्यातून बाहेर पडायच्या वाटेवर पोचली होती. वाट तिथं अरुंद होती. दोन्हीकडे गडगा, मध्ये एका गाडीपुरती जागा. आणि डाव्या गडग्याला लागून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, सुनंदा आत येत होती. गाडी आपल्याला बघून थांबणार, असं तिनं धरलं होतं. कुणीही धरलं असतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. गाडीच्या अंगानं भारा आधी उडवला आणि मग सुनंदाला. ती गडग्यावर आपटून खाली बसली. माझ्या ओरडण्यानंच गाडी थांबली.

अरविंद खाली उतरले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मी बघत होते तिकडे.

“ती तिथं होती?” त्यांनी विचारलं.

सुनंदाचा उजवा हात मनगटाशी वेडावाकडा झाला होता. ती रडत नव्हती. दातांवर दात दाबून त्या हाताकडेच बघत होती. विश्रामभाऊ पडवीतून अनवाणी आला. शेजारच्या वाडीतून रिक्षा बोलावली, ती यायला तासभर लागला. आल्यावरही आत येईना, कारण आमची गाडी वाटेतच आडवी उभी होती. तिला मागं घ्यायला अरविंद चढले नाहीत, आणि मला चालवता येत नव्हती. शेवटी सुनंदाला गाडी आणि गडगा यांच्यातल्या हातभर फटीतून, तिरकं करून, बाहेर न्यावं लागलं. तिचा दुखरा हात मी माझ्या छातीशी धरला होता.

दापोलीला प्लास्टर घातलं. दीड महिना.

परत आलो तेव्हा वाडीतल्या माणसांनी गाडी मागं ढकलून पुन्हा खळ्यात लावली होती आणि अरविंद पडवीच्या पायरीवर बसलेले होते. ते उठले आणि गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. “नुसती रस्त्यावर काढून बघायची होती. मला कुणीच दिसलं नाही गं,” म्हणाले. “वाट मोकळीच दिसत होती.”

मी किल्ली घेतली.

त्यानंतरचा दीड महिना मी कोंडलेली होते, पण वेगळ्या तऱ्हेनं. आता गाडीनं नाही, कामानं. गायीचं शेण काढलं, भातात वाकून गवत बेणलं, पायांना जळवा लागल्या, त्या मीठ लावून काढल्या. मला कुणी कर म्हटलं नव्हतं. न करता त्या घरात चहा घ्यायला तोंड नव्हतं. आणि विश्रामभाऊ तिसऱ्या दिवशी, एक शब्द न बोलता, चुलीपुढं जाऊन बसला. पंचवीस माणसांच्या अंदाजानं भात लावला. सुनंदा आतून म्हणाली, “बोट बुडाली काय, इतकी माणसं जेवायला आली ती?” मला हसायला आलं आणि मग हुंदका आला, म्हणून मी गोठ्यात गेले.

अरविंद दिवसभर गडगा रचायचे. पाऊस असो, उघडीप असो. हातानं चाचपून चिरा बसवायचे, हलला तर काढायचे. कुणाशी बोलत नसत.

सुनंदा माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. दुपारी गाडीत येणं तिनं बंद केलं होतं. गणपती जवळ आले तशी एका सकाळी म्हणाली, “केसांचा गुंता झालाय, जरा वेणी घालता काय?” ती पाठमोरी बसली, मी मागं. तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच बहुधा ती विचारू शकली.

“साहेबांना दिसत नाय, हे तुमाला ठाव होतं?”

माझी फणी थांबली. “हो.”

“कधीपासनं?”

“पडवीत आले झोपायला, तेव्हापासून.”

“मग पाठ नव्हती धरलेली.”

“नव्हती.”

मी पुन्हा फणी चालवायला लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

“मला एक शब्द सांगितला असतात, तर मी त्या अंगाला उभी राह्यले असते काय?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “साहेबांचा मला राग नाय आला तेवढा. बाप्ये लपवतात. तुमी रोज माझ्याकडं बसत होतात.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “मला लाज वाटली, सुनंदा.”

“लाजेनं हात मोडला माझा,” ती म्हणाली. मग पाठ ताठ करून, “घट्ट घाला. सैल वेणी राहत नाय माझी.”

मी घट्ट घातली. त्याहून जास्त क्षमा मला मिळाली नाही, आणि मीही मागितली नाही. तिचा मुलगा गणपतीला मुंबईहून आला, तेव्हा आमच्याशी धड बोलला नाही. जाताना त्यानं बापाला हळू आवाजात विचारलं, “ही लोकं कधी जाणार?” मला ऐकू आलं. सुनंदालाही आलं असावं. त्या दुपारी ती महिन्याभरानं प्लास्टरचा हात सांभाळत गाडीत चढली, सीटवर बसली आणि म्हणाली, “कुठं जायचं?”

मी तिला कुठलाच फोटो दाखवला नाही. म्हणाले, “हात बरा झाला की खरंच जाऊ.”

दसऱ्यानंतर आम्ही दोघी खरंच गेलो. दापोलीहून एस.टी.नं मिरज, तिथून बदामी. अरविंद आणि विश्रामभाऊ मागं राहिले. मला वाटलं होतं, तिला पंख फुटतील. पहिल्या दिवशी ती तळं, लेणी, माकडं सगळं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “सगळं कसं कोरडं हाय हो इथं.” तिसऱ्या दिवशी तिनं विश्रामभाऊला फोन करून कोंबड्या आत घेतल्या का ते विचारलं, आणि मला म्हणाली, “झालं माझं बघून. घरला जाऊया?” चौथ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत होतो. खेड आलं, जगबुडी नदीचं पाणी दिसलं, तशी ती खिडकीला टेकून शांत झोपली. मी जागीच होते. तिला मी कोंडलेली समजत होते. तिला फक्त ऐकायचं होतं. कोंडलेली कोण होती, ते मला त्या एस.टी.त बसून कळलं.

मिरजेला आम्ही परत गेलो नाही. अरविंदांना तिथल्या ओळखीच्या माणसांत फिरायचं नव्हतं. मुलीनं बंगळूरला बोलावलं, तेही नको म्हणाले. वाडीतच दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. ते म्हणाले, “राहायचं का इथं?” आणि मी पुन्हा “बरं” म्हणाले. यावेळी निदान कारण माझंही होतं. गाडी अजून सुनंदाच्या खळ्यात आहे, विश्रामभाऊ तिच्यात नारळ ठेवतो. दर तीन महिन्यांनी मी अरविंदांना रिक्षानं दापोलीला नेते. डावा डोळा गेलाच. उजवा डॉक्टरांनी धरून ठेवलाय, म्हणतात.

हे सगळं आज आठवायचं कारण असं, की काल संध्याकाळी दिवे गेले होते. पाऊस धो धो. दोन खुर्च्या दाराशी घेऊन आम्ही बसलो होतो. गीताजींचा एक फोटो आला होता, त्या आता हिमाचलात आहेत. सफरचंदाच्या झाडाखाली त्यांची गाडी. मी अरविंदांना वर्णन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदम म्हणाले,

“तू खूश होतीस का गं, त्या अडीच वर्षांत?”

एवढ्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. बरं म्हणायचं ठिकाण नव्हतं ते. मी विचार केला.

“अर्धा वेळ होते,” मी म्हणाले.

“कुठला अर्धा?”

“गाडी थांबलेली असायची तो.”

ते बाहेर बघत राहिले. बाहेर त्यांना आता फारसं काही दिसत नाही, नुसतं करडं हलताना दिसतं.

“माझा, गाडी चालू असायची तो,” ते म्हणाले. आणि मग, “सांगायचं होतंस.”

“विचारायचं होतंत.”

पाऊस ओसरीत यायला लागला, तेव्हा मी माझी खुर्ची आत ओढली. त्यांची ओढायला गेले तर म्हणाले, “राहू दे, भिजू दे जरा.” मी क्षणभर उभी राहिले, मग माझी खुर्ची पुन्हा बाहेर नेऊन ठेवली.